सुरतेत कुणाला ‘जमलं का?’ विचारू नये

परवा एका लग्नाला गेलो होतो. पलसाण्याच्या अलीकडे हायवे सोडला की उसाच्या शेतांमधून एक नहेर, म्हणजे कालवा, जाते आणि नहेरीच्या काठाला एक भलामोठा पार्टी प्लॉट लागतो. दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुली, आत झुंबरं, आणि झुंबरांखाली खाण्याचे इतके काउंटर की नवरानवरी कुठं बसवलीत ते विचारावं लागलं. मी सरळ लोच्याच्या, त्या मऊसूत सुरती खमणाच्या, काउंटरपाशी जाऊन उभा राहिलो आणि हलेना. बायकोनं कोपर मारलं.

"अहो, आल्या आल्या? आधी आहेर तरी द्या."

तिला वाटलं, मी लोचो बघतोय. मी लोच्याखालची फरशी बघत होतो. कोपऱ्यात तडा गेलेली काळी फरशी. त्या फरशीवर आमचा वजनकाटा असायचा.

हो, हो. आज जिथं वाफाळता लोचो वर लोणी घालून मिळतो, त्याच जागी मी कित्येक वर्षं लोकांना काट्यावर चढवत होतो. या पार्टी प्लॉटच्या जागी तेव्हा निवासी शिबिर होतं, वजन उतरवण्याचं. लोक यायचे, पंधरा दिवस किंवा महिनाभर राहायचे, दुधीचं सूप प्यायचे, नहेरीच्या काठानं चालायचे आणि मला शिव्या द्यायचे. काट्याच्या जागी लोचो! देवाला विनोद कळतो, याचा याहून मोठा पुरावा मला नको.

‘सुरतचं जेवण आणि काशीचं मरण’ अशी इकडे म्हण आहे. दोन्ही नशिबात असावं लागतं म्हणतात. आता काशीच्या घाटावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘मरू नका हो’ असं विनवणारा माणूस जसा दिसेल, तसा मी सुरतेत दिसत असे.

नोकरी मला मिळाली ती आवाजावर. वडील पांडेसऱ्यात कापड रंगवण्याच्या कारखान्यात होते, घर लिंबायतला. घरात अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी आणि दुकानात गुजराती. गणपतीच्या नाटकांत मी कायम राक्षस, कारण मंडळाकडे माइक एकच होता आणि राक्षसाला तो लागत नसे. एकदा आमच्या वस्तीत गुडघे तपासायला फाल्गुनीबेन आल्या. या फिजिओथेरपिस्ट, काडीसारख्या बारीक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. गर्दी उसळली, माइक बंद पडला, आणि मी खुर्चीवर चढून अख्खी वस्ती रांगेत उभी केली. बेन माझ्याकडे बघत राहिल्या.

"माइक वगर आटलो अवाज? काले आवी जाव."

दुसऱ्या दिवशी गेलो, तो त्यांच्या या शिबिराचाच झालो. कागदावर मी व्यवस्थापक. प्रत्यक्षात दरवान, कवायत मास्तर, विदूषक आणि जकात नाक्यावरचा शिपाई.

जकातीचं आधी सांगतो. नवी मंडळी रविवारी यायची. आपलं माणूस परदेशी निघालंय अशा थाटात घरचे सोडायला यायचे, बायका डोळे पुसायच्या. ते गेले की मी बॅगा तपासायचो. ठेपले कपड्यांच्या घडीत, हे नवशिक्यांचं काम. एका बाईंच्या गरम पाण्याच्या पिशवीत आमरस निघाला. पाठीला शेक घ्यायला, म्हणाल्या. एक गृहस्थ हार्मोनियमची पेटी घेऊन आले. संध्याकाळी भजन केल्याशिवाय मला झोप येत नाही, म्हणाले. पेटी उघडली तर सूर नव्हते, चिवडा होता. चिवडा मी जप्त केला, पण भजन सोडलं नाही. रोज संध्याकाळी सगळ्यांसमोर त्यांना उभं करून म्हणायचो, "हं, शेठ, होऊन जाऊ द्या." बिचारे महिनाभर पेटीवाचून गात होते. शेवटी शेवटी तर बरं गायला लागले.

आता आत काय चालायचं, ते थोडक्यात. जादू काही नव्हती. मीठ कमी, तेल नावाला, साखर नाहीच. सकाळी नहेरीवर चालणं, मग मुगाचं पाणी. दुपारी आधी कोशिंबीर, मग दोन फुलके, भाजी, पातळ डाळ. संध्याकाळी सूप आणि पपई. पहिल्या तीन-चार दिवसांत काटा धबाधबा खाली येतो आणि माणूस घरी फोन करून पेढे वाटायला सांगतो. ते वजन नसतं, अंगातलं साचलेलं पाणी असतं. खरी परीक्षा पुढं. दुसऱ्या आठवड्यात काटा एका जागी बसतो तो बसतोच. आम्ही त्याला ‘काटा रुसला’ म्हणायचो. म्हणून आमच्याकडे काट्याची तबकडी भिंतीकडे, माझ्या बाजूला वळवलेली असे. रोज चढायचं, पण आकडा मी बघायचा. त्यांना रविवारीच सांगायचा. रोजचा आकडा माणसाला वेडा करतो.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे वारा. दिवाळीच्या सुमाराला साखर कारखाने सुरू झाले की रसाचा गोड वास नहेरीवरून थेट आमच्या प्रार्थनेत यायचा. चाळीस भुकेली माणसं डोळे मिटून ओंकार म्हणतायत आणि सगळ्यांच्या नाकपुड्या हलतायत, हे दृश्य ज्यानं पाहिलं नाही त्यानं काही पाहिलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती दोन शब्दांची आहे.

आपण मराठी माणसं दिवसातून शंभरदा विचारतो, "जमलं का?" गाठ सुटली, जमलं का? कुलूप उघडलं, जमलं का? मी पण विचारायचो. आणि गुजरातीत जमणं म्हणजे जेवणं! हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, ‘जम्या?’ हे तर मी रोज ऐकत होतो. पण तोंडातला शब्द कानाला विचारून थोडाच बाहेर पडतो?

एका सकाळी जयंतीभाई नावाचे हिऱ्याचे दलाल नहेरीच्या पुलापर्यंत चालून आले. गृहस्थ दिलदार, तोंडाचे सैल, पोट त्यांच्या आधी पुलावर पोचलेलं. मी कौतुकानं विचारलं, "काय जयंतीभाई, जमलं का?"

त्यांचा चेहरा पांढरा पडला. इकडे-तिकडे बघून हळूच म्हणाले, "एकज. भाऊ, एकज खमण. चौकीदारे आप्युं."

मी तर चालण्याचं विचारलं होतं. पण नाटकात काम केलेला माणूस, चेहरा हलू दिला नाही. नुसता उसासा टाकला. त्याबरोबर खमणं दोन झाली, वर बेनना न सांगायची गळ, "सारुं, बे. बेन ने ना केता."

त्या दिवसापासून माझ्या हातात मंत्रच आला. कुणी संशयास्पद दिसलं की जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि मराठीत मायेनं विचारायचं, "जमलं का?" काय कबुल्या मिळाल्या म्हणून सांगू! उशीतली सुतरफेणी, मोजडीतले काजू, फोनवरून मागवून कुंपणावरून झेललेला वडापाव. फाल्गुनीबेन थक्क. त्यांना वाटायचं, या माणसाला वास येतो.

फक्त एका माणसावर हा मंत्र चालला नाही. कांतीकाका.

कांतीकाका सुरतेतले जुने कंदोई. मिठाईचा पिढीजात धंदा, स्वतःची भट्टी. कंदोई म्हटल्यावर त्यांची बॅग मी जरा उत्साहानंच उघडली. आत कपडे, चष्मा आणि एका बाईचा फोटो. शेंगदाणा सुद्धा नाही. मी अस्तर चाचपलं. ते शांतपणे म्हणाले, "फाडवुं होय तो फाडी जुओ."

काट्यावर चढले आणि म्हणाले, "मने आंकडो देखाडो."

"रविवारी, काका."

"डॉक्टरे आंकडो आप्यो छे."

"काका, इथं येणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरांनी आकडा दिलेला असतो," मी म्हटलं आणि रांगेतले सगळे हसले. काका हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नहेरीवर मी मंत्र टाकला. "काय काका, जमलं का?"

त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "हजी नथी."

अजून नाही! म्हणजे जेवायचा बेत आहे तर! मी दिवसभर पाळत ठेवली. काही सापडेना. तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, "हजी नथी." रोजचाच परिपाठ झाला. जयंतीभाई तर मागून माझा आवाज काढून विचारायचे, "जमलं का, काका?" आणि काका त्यांना सुद्धा त्याच गंभीरपणे सांगायचे, "हजी नथी." लोक पोट धरून हसायचे. मी सगळ्यांत जास्त.

मग एक चमत्कार झाला. काट्यावर जयंतीभाईंचं वजन वाढायला लागलं. शिबिरात! फाल्गुनीबेननी मला कोंडीत पकडलं, "तमारो जादू क्यां गयो?" मी जयंतीभाईंची खोली उलटी केली, चौकीदाराला दम दिला. काही नाही. तिकडे कांतीकाकांचा काटा दणादण खाली. काटा रुसायच्या दिवसांत सुद्धा रुसला नाही. मी तर इतरांना त्यांचं उदाहरण द्यायचो.

सुमनमावशी आमच्या स्वयंपाकीण, नंदुरबारकडच्या. त्यांनी एकदा मला हटकलं होतं, "भो, तो म्हतारा पाह्य. त्याना डोया खोल जाई ऱ्हायनात." मी म्हटलं, "मावशी, वजन उतरतं तेव्हा डोळे खोल दिसतातच." त्यांनी पातेलं जरा जोरात ठेवलं.

दोन दिवसांनी सकाळी, नहेरीच्या पुलावर, कांतीकाका चालता चालता खाली बसले आणि आडवे झाले.

धावपळ झाली. मी डोक्याकडून उचललं, पायाकडून जयंतीभाईंनी. वजनदार माणूस, पकड बसेना. मी घाईघाईत ओरडलो, "जमलं का? जयंतीभाई, जमलं का?" म्हणजे धरलंत का नीट, एवढंच हो!

जयंतीभाईंनी काकांचे पाय तसेच छातीशी धरले आणि भर पुलावर ढसाढसा रडायला लागले. "हा भाऊ, हुं जम्यो! एनी रोटली हुं जम्यो! रोज बे रोटली मने आपी दे, कहे के मने भूख नथी. मने शी खबर!"

काकांचे फुलके रोज जयंतीभाईंच्या पोटात जात होते. मला हसू आलं नाही. या दोन शब्दांवर पहिल्यांदाच आलं नाही.

काकांना कचेरीतल्या बाकावर निजवलं. फाल्गुनीबेननी साखरपाणी पाजलं. आमच्या हद्दीत साखर फक्त त्यांच्या कपाटात, कुलपात असे. काका शुद्धीवर आले आणि पहिल्यांदा चार वाक्यं सलग बोलले. त्यांची बायको सविताबेन. दोन्ही मूत्रपिंडं निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. काकांचं मूत्रपिंड जुळत होतं. सगळं जुळत होतं, फक्त काका वजनदार होते. डॉक्टर म्हणाले, एवढ्या वजनात तुमच्यावर शस्त्रक्रिया करणार नाही, आधी उतरवा. तो आकडा.

आणि वजन वाढलं कशानं? काका म्हणाले, तिला मीठ बंद, फळं बंद, पाणी सुद्धा मोजून. पण तिची सवय जाईना. ती रोज दोघांचं पूर्ण ताट वाढायची. तिच्या ताटातलं तसंच राहायचं. अन्न टाकायचं कसं? मग ते मी जेवायचो. दोन वर्षं मी तिच्या वाटणीचं जेवलो.

मग फाल्गुनीबेनचा पारा चढला. चष्मा काढून त्या काकांवर अशा बरसल्या की मला लिंबायतच्या माझ्या राक्षसाची लाज वाटली. उपाशी राहून चरबी उतरत नाही, ताकद उतरते; पुलावर पडणाऱ्या माणसाचं मूत्रपिंड कोण काढून घेणार; सविताबेनना किडनी हवीय की फोटोला हार? काका मान खाली घालून ऐकत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, अगदी स्वच्छ मराठीत, "भाऊ, तुम्ही रोज विचारत होता ना, जमलं का?"

"काका, तुम्हाला मराठी येतं?"

"माझ्या भट्टीवर सगळी पोरं तुमच्या धुळे-नंदुरबारची. मावा घोटताना दिवसभर एकमेकांना तेच विचारतात. मला समजतं." आणि पुन्हा आपल्या भाषेत गेले, "एटले तो कहेतो हतो. हजी नथी."

म्हणजे चाळीस माणसांत माझा प्रश्न मराठीत ऐकणारा तो एकटाच होता. बाकीच्यांसाठी तो सापळा होता, माझ्यासाठी खेळणं. त्याच्यासाठी तो खरोखरचा प्रश्न होता आणि तो रोज खरं उत्तर देत होता.

दुसऱ्या दिवसापासून शिबिरात उलटी गंगा वाहायला लागली. माणसांना खाण्यापासून अडवणारे आम्ही एका माणसाला खाऊ घालायच्या मागे लागलो. मी प्रत्येक जेवणाला काकांच्या समोर बसायचो आणि शुद्ध गुजरातीत विचारायचो, "जम्या?" दोन्ही फुलके संपल्याशिवाय उठू द्यायचो नाही. सुमनमावशींनी मूग, पनीर, डाळ असं काकांचं वेगळं ताट लावलं आणि वाढताना उभ्या राहून पहारा केला. जयंतीभाई शेजारी बसायचे, स्वतःचे हात मागे बांधून. "मने कांई आपता नहीं, काका," म्हणायचे. "आपशो तो हुं खाई जईश." काटा आता सावकाश उतरायला लागला, अधूनमधून रुसायलाही लागला. बेन म्हणाल्या, हेच बरोबर.

तेवढ्यात आला चंदी पडवो. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सुरत घारी खाते. मावा, सुकामेवा आणि वरून थिजलेल्या तुपाचा थर असा गोल गोळा, आणि सोबत तिखट भुसू, म्हणजे फरसाण. त्या दिवशी घारी न खाणाऱ्याला सुरती म्हणत नाहीत. शिबिरात बंड झालं. प्रार्थनेला कुणी डोळे मिटेना. "कंदोई घरमां छे ने घारी नहीं?" शेवटी बेन म्हणाल्या, ठीक. प्रत्येकाला एक. सुपारीएवढी.

कांतीकाकांनी सुमनमावशींच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मी त्या माणसाला तोवर फक्त ओझं वाहताना पाहिलं होतं. तिथं तो राजा होता. मावा भाजताना त्यांनी चव घेतली नाही. नाक खाली नेलं, डोळे मिटले आणि आच कमी केली, बस. मावशी कुजबुजल्या, "चाखस नही तो." सुपारीएवढ्या घाऱ्या, पण तुपाचा थर असा पांढरा शुभ्र की सराफाच्या दुकानात ठेवाव्यात. संध्याकाळी गच्चीवर सगळे बसले. ज्या मंडळींनी मोजडीत काजू लपवले होते, ती मंडळी ती एवढीशी घारी कणाकणानं खात होती. काकांचं ताट रिकामं होतं.

"काका, तुमची?" मी विचारलं.

"ए खाय त्यारे."

ती खाईल तेव्हा. जयंतीभाईंनी तोंडाशी नेलेली घारी खाली ठेवली. मग थोड्या वेळानं उचलून खाल्ली, सुरती शेवटी. पण ठेवली, हे मी पाहिलंय.

मुदत संपली त्या रविवारी मी एक नियम मोडला. तबकडी भिंतीकडून फिरवून काकांच्या समोर केली. आकडा आला नव्हता. थोडं राहिलं होतं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"जमलं का, काका?" मी विचारलं. यात मंत्र नव्हता.

"हजी नथी," ते म्हणाले. फोटो असलेली बॅग उचलली. दारातून वळून म्हणाले, "पण जमशे."

मग बरेच महिने काही कळलं नाही. फोन करायचा धीर मला झाला नाही. आमच्या धंद्याचं एक दुःख असं की माणूस दारातून बाहेर पडला की त्याची गोष्ट आपल्यापुरती अर्धीच राहते. हलका होऊन गेलेला टिकला, की परत फुगला? हजारोंनी आले-गेले. शिबिर पुढं बंदच झालं. फाल्गुनीबेन मुलाकडे परदेशी गेल्या, सुमनमावशी गावी. लोकांना आता फोनमधला मास्तर पुरतो. तो खांद्यावर हात ठेवत नाही आणि त्याच्याशी खोटं बोलणं सोपं पडतं.

पण त्याआधीचा एक चंदी पडवो सांगायचा राहिलाय, आणि तो सांगण्यासाठीच मी त्या लग्नात लोच्यासमोर थबकलो होतो.

पुढच्या वर्षीची गोष्ट. चंदी पडव्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ, मी फाटकावर. रिक्षातून एक बारीकसा माणूस उतरला. आधी ओळख पटली नाही. हातात डबा. सवयीनं मी हात पुढं केला, "डबा दाखवा."

त्यानं उघडला. आत एक घारी. पूर्ण आकाराची, तुपानं माखलेली, पण अर्धीच. कापलेली नव्हती, दातांनी तोडलेली. कडेला चाव्याच्या लहान लहान खुणा.

मी डब्याकडे बघितलं, मग माणसाकडे. माइक न लागणारा राक्षस मी, पण अगदी हळू विचारलं.

"जमलं का?"

कांतीकाका हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"जमलं, भाऊ," ते म्हणाले. "काले ए पण जमी." काल तीही जेवली, म्हणजे ते चावे सविताबेनचे.

मग त्यांनी उरलेली अर्धी घारी उचलली आणि वजन उतरवण्याच्या शिबिराच्या फाटकात, बंदी असलेल्या हद्दीच्या एक पाऊल आत, माझ्या डोळ्यांदेखत खाल्ली. मी दरवान. मी अडवलं नाही. डबा धरून उभा राहिलो.